हितेंद्रच्या नावावर

मोटारसायकलवरचा तो माणूस थेट विहिरीपर्यंत आला तेव्हा वांगी अजून कपाशीच्या काड्यांवर भाजत होती. चंपाषष्ठीला नारखेड्यांचं अख्खं घर असोद्याच्या मळ्यात जमायचं, तसंच यंदाही जमलं होतं. रत्नाचा भाऊ भूपेंद्र सकाळच्या एसटीनं धुळ्याहून आला होता. दीर समाधान जाळ सारखा करत होता. सासरे चुडामण नाना खाटेवर बसून सगळ्यांना सूचना देत होते आणि त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

"हितेंद्र चुडामण नारखेडे इथंच राहतात ना?" त्या माणसानं गाडीवरूनच विचारलं.

मिरच्यांची देठं खुडणारा रत्नाचा हात थांबला. 'राहतात' असं हितेंद्रबद्दल कुणी पाच वर्षांत म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे 'राहायचे', नाहीतर तिला बघून काही म्हणायचेच नाहीत. केळीचं पेमेंट आणतो सांगून तिचा नवरा रावेरला गेला होता. फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. तिसऱ्या दिवशी गाडी भुसावळ स्टेशनच्या स्टँडवर सापडली. माणूस काही सापडला नाही.

"काय काम आहे?" समाधाननं विचारलं.

माणसानं पाकिटातून कागद काढला. तो वसुलीचा होता. ऑनलाइन खरेदीच्या खात्यावर 'आता घ्या, नंतर भरा' अशी सोय होती, त्यावर गेल्या आठ महिन्यांत माल उचलला होता. दोन हप्ते भरले आणि मग बंद. दंडासकट शहाऐंशी हजार झाले होते.

"माल कुठं आला?" नानांनी विचारलं.

"धुळ्याला. घेणाऱ्याचं नाव हितेंद्र नारखेडे. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसशी स्वतः बोललेत ते. 'हो, मीच हितेंद्र, पुढच्या आठवड्यात भरतो' म्हणाले. नंतर फोन उचलेनात, म्हणून कर्जाच्या कागदावरच्या या पत्त्यावर आलो."

रत्नानं सगळ्यांची तोंडं पाहिली. नाना खाटेवरून अर्धे उठले होते. समाधानचा चेहरा पांढरा पडला होता. आणि सासूबाई, मंदाबाई, हातातलं वांगं ताटात ठेवून एवढंच म्हणाल्या,

"धुळ्याले व्हय?"

हरवलेली वस्तू कोणत्या खोलीत आहे ते कळल्यावर माणूस जसं बोलतो, तशा. वस्तू घरात आहे हे त्यांना जणू आधीच माहीत होतं. 'ह्यांना ठाऊक होतं,' रत्नाला वाटलं. 'लेक जिवंत आहे, कुठं आहे, कोणाबरोबर आहे, सगळं ठाऊक होतं. मला तेवढं पाच वर्षं मंगळसूत्र घालून बसवलं.'

माणूस कागद ठेवून गेला. तो केळीच्या रांगांआड जातो न जातो तोच समाधान बोलला.

"धुळ्यात तर तुम्हीच राहता, भूपेंद्रभाऊ."

भूपेंद्रला आधी कळलंच नाही. कळलं तसा तो उठून उभा राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दादाचं आधार, पॅन वहिनींच्या पेटीत. फोन वहिनींच्या कपाटात. आणि माल जातो धुळ्याला. मी फक्त एकापुढं एक ठेवून पाहतो."

"समाधानभाऊ, माझ्या भावानं आजवर या घरचा चहासुद्धा फुकट घेतला नाही," रत्ना म्हणाली.

"मी चहाचं बोलतच नाहीये, वहिनी."

"मंग कशाचं बोलतो?" नाना गरजले. "सणाच्या दिवशी पाव्हण्याले चोर म्हनतो?"

"नाना, उद्या जप्ती आली तर ती माझ्या केळीवर येईल. पाहुण्याच्या नाही."

भूपेंद्रनं पायात चपला सरकवल्या. मळ्यातलं भरीत न खाता कोणी जात नाही. शत्रूसुद्धा दोन घास खाऊन जातो. तो गेला. रत्ना बांधापर्यंत त्याच्यामागे धावली. त्यानं वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "ताई, तुझा तर काही संबंध नाही ना यात?"

तो प्रश्न समाधानच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागला.

*

संध्याकाळी ओसरीवर हितेंद्रचा जुना फोन मधोमध ठेवला होता आणि सगळे त्याच्याभोवती बसले होते. भूमिकानं, रत्नाच्या लेकीनं, तो तासभर चार्जिंगला लावून आपल्या फोनच्या नेटवर जोडला होता. ती जळगावला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि घरात याच एका विषयात तिचा शब्द शेवटचा असे.

"खरेदीचं अ‍ॅप उघडत नाही. पासवर्ड बदललाय," ती म्हणाली. "पण पप्पांचा ई-मेल चालू आहे. थांबा."

फोन टिंग वाजला. मग पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला. आठ महिन्यांच्या पावत्या एकामागून एक उतरू लागल्या.

"वाच," नाना म्हणाले.

"पहिली ऑर्डर, एप्रिलमधली. पुरुषांची चप्पल, नऊ नंबर."

मंदाबाईंनी मान हलवली. "त्याचा पाय नऊचाच हाये."

"आजी, अर्ध्या गावाचा पाय नऊचा असतो." भूमिका पुढं वाचू लागली. "मोबाईल. मिक्सर. टेबल फॅन. दुसरा मोबाईल. बायकांचा ड्रेस..." ती अडखळली.

"पुढं?" रत्नानं विचारलं.

"लहान मुलांची सायकल, मम्मी. तीन चाकी. गुलाबी."

कोणी रत्नाकडे पाहिलं नाही. त्यामुळेच तिला कळलं की सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं. गुलाबी सायकल म्हणजे पोरगी. तीन चाकी म्हणजे दोन-तीन वर्षांची. हिशेब कुणालाही जमण्यासारखा होता.

पत्ता देवपूर भागातला होता, गल्ली आणि घर नंबरासकट.

"हे पप्पांनी केलं असंच काही नाही," भूमिका घाईनं म्हणाली. "कोणीतरी पप्पांच्या नावानं खातं वापरत असेल. असं खूप होतं. सायबरच्या हेल्पलाइनला आत्ता सांगू, फायनान्सवाल्यांना मेल टाकू, ही खरेदी आमची नाही, फसवणूक आहे. मग ते वसुली थांबवतात, तपास होतो."

"म्हंजे काय लिहून द्यायचं?" मंदाबाईंनी विचारलं.

"की खातेदार पाच वर्षांपासून बेपत्ता आहे आणि हे घेणारा माणूस तो नाही."

"तो नाही आसं आपन लिहून द्यायचं?" मंदाबाई उठल्या. आत जाऊन फडक्यात गुंडाळलेली आपली सोन्याची पोत त्यांनी आणली आणि फोनशेजारी ठेवली. "हे मोडा आन भरून टाका. घेतलं आसीन त्यानं. बायकापोरांसाठी घेतलं, कोणाचं लुटलं नाही. पोलिसात दिलं त चोर ठरीन. मंग तो या जन्मी घरी येनार नाही."

"बायकापोरांसाठी?" रत्ना म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "बायको मी आहे, आई. पोर ही बसलीये. तुम्ही कोणाबद्दल बोलताय? काय माहीत आहे तुम्हाला?"

"मले काय माहीत राहीन?"

"मळ्यात तुम्ही दचकला नाहीत."

मंदाबाईंनी नजर वळवली. समाधान दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता. दुपारी ज्या डोळ्यांनी त्यानं भूपेंद्रला पाहिलं होतं, त्याच डोळ्यांनी तो आता आपल्या आईला पाहत होता.

"उद्या धुळ्याला जाऊ," तो म्हणाला. "डोळ्यांनी पाहू. मग तक्रार करायची की भरायचं ते ठरवू."

सगळे उठल्यावर भूमिका आईजवळ सरकली. "मम्मी, या फोनमधलं सिम बंद आहे. तू रिचार्ज करते ना दर महिन्याला? आजी नेहमी विचारते, तू हो म्हणते."

"रेंज नसेल."

"रेंज माझ्या फोनला फुल आहे."

लेक आत गेल्यावर रत्नानं आपला फोन उचलला आणि हितेंद्रचा नंबर लावला. दीड वर्षापूर्वी, लग्नाच्या वाढदिवसाच्या दिवशी, तिनं रिचार्ज थांबवलं होतं. राग एवढा होता की कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं. नंबर मेला असणार अशी तिची खात्री होती.

पलीकडे रिंग वाजत होती.

तिनं झटकन फोन कापला. नंबर चालू होता! अंगठा लावून त्यानं स्वतःच तो पुन्हा मिळवला असणार, दुसरं कोण मिळवणार? म्हणजे तो होता. धुळ्यात होता, आणि गुलाबी सायकल घेत होता.

*

सकाळी समाधानच्या गाडीत मंदाबाई डबा घेऊन बसल्या. डब्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही; भरताचा वास पारोळ्यापर्यंत गाडीभर होता. रत्ना मागच्या सीटवर सासूच्या शेजारी बसली, पण मध्ये पिशवी ठेवून. तोंडावर काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. 'मेला असतास तर बरं झालं असतं' हे एक वाक्य होतं. 'चल घरी' हे दुसरं. त्यातलं कोणतं आधी निघेल याची तिला खात्री नव्हती.

धुळ्यात भूपेंद्र नाक्यावर उभा होता. रत्नानं रात्री त्याला फक्त पत्ता कळवला होता. तो समाधानकडे न बघता पुढं बसला आणि म्हणाला, "मी माझ्या बहिणीसाठी आलोय."

"माहीत आहे," समाधान म्हणाला. एक चौक गेल्यावर त्यानं पुस्ती जोडली, "बरं केलं आलात."

घर बैठं, पत्र्याचं. दाराशी गुलाबी सायकल उभी होती. हँडलवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. रत्ना तिच्याकडे पाहतच राहिली. भूपेंद्रनं कडी वाजवली. दार एका म्हातारीनं उघडलं, तिच्या लुगड्याला दोन-अडीच वर्षांची मुलगी लोंबत होती.

"कोन पाहिजे ताई?"

"हितेंद्र आहे का?" रत्नाच्या तोंडून तिसरंच वाक्य निघालं.

"हितेंद्र? आठे कोनी हितेंद्र नही. आठे मी, मन्हा पोर लोटन, सून आनि ही नात. बठ्ठा चारच जन शेतस." सगळे मिळून घरात चौघंच, असं ती अहिराणीत सांगत होती.

मंदाबाई पुढं झाल्या. त्या मुलीकडे वाकल्या, तिची हनुवटी वर करून तोंड न्याहाळू लागल्या. नाक, कपाळ, कान. काय शोधत होत्या ते रत्नाला कळत होतं, कारण तीही तेच शोधत होती. काहीच जुळत नव्हतं.

"लोटन कुठं आहे?" समाधाननं विचारलं.

लोटन मागच्या मोरीवरून टॉवेलनं तोंड पुसत आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, किडकिडीत, पायात नऊ नंबरची चप्पल. दारातली चार माणसं बघून तो थबकला. समाधाननं वसुलीचा कागद त्याच्यापुढे धरला. लोटननं वाचला आणि तो भिंतीला टेकला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"भाऊ, मी चोरी नाही केली. आधी नव्हती केली," तो म्हणाला. "मी मार्चमध्ये नवीन सिम घेतलं. दुकानदारानं हा नंबर दिला. खरेदीचं अ‍ॅप टाकलं, नंबर भरला, ओटीपी आला, आणि अ‍ॅप म्हणतं, 'स्वागत आहे, हितेंद्र.' आतमध्ये सगळं तयार. नाव, पॅन, उधारीची सोय. मला वाटलं चप्पल घेऊन पाहू, येते का. आली."

"मग मोबाईल घेतला. दोन," भूपेंद्र म्हणाला.

"विकले. कामावरून काढलं होतं मला. दोन हप्ते भरले भाऊ, खरंच भरले."

"वसुलीवाल्याला काय म्हणाला? 'मीच हितेंद्र'?" समाधाननं त्याची कॉलर धरली. "तुला नंबर दिला होता. तुला माणूस दिला नव्हता!"

म्हातारी, यशोदाबाई, मध्ये पडली. तिला अर्धंच कळलं होतं, पण आपण दुसऱ्याच्या नावावर खाल्लं एवढं पुरेसं होतं. "लोटन, काय करं रे तू? कोना नावे खाधं आम्हीन?"

"थांबा," मंदाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, तरी समाधानची मूठ सैल झाली. त्या लोटनच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोल."

"काय बोलू, माय?"

"फोन आल्यावर बोलतो तसं बोल."

लोटनला काही कळेना. त्यानं मंदाबाईंकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या आपल्या फोनकडे. त्याच्या कपाळाला आठी पडली. "या नंबरवर दर गुरुवारी एक फोन यायचा. मी 'हॅलो, कोण?' म्हटलं की कट. आधी वाटलं कोणाचा चुकून लागतो, मग वाटलं वसुलीवाल्यांचीच माणसं आहेत, म्हणून कधी उलट लावला नाही." त्यानं फोन उचलला, यादीत तो नंबर शोधला आणि दाबला.

मंदाबाईंच्या पिशवीत, डब्याखाली, बटणांचा फोन वाजू लागला.

तो कोणी उचलला नाही आणि कोणी बंदही केला नाही. वाजून वाजून आपोआप थांबला. समाधान तोंड फिरवून बाहेर गेला. भूपेंद्रनं लोटनला दंडाला धरून त्याच्यामागे नेलं.

खोलीत रत्ना आणि मंदाबाई राहिल्या. यशोदाबाई नातीला घेऊन चुलीशी जाऊन बसली होती.

"आवाज त्याचाच वाटे," मंदाबाई म्हणाल्या. "मार्चात एकदा आसाच लावला मी, नंबर पाठ हाये म्हनून. त्यानं उचलला. 'हॅलो, कोन?' म्हने. मी बोलली आसती त त्यानं नंबर बदलला आसता. तुह्यापासून लपून राह्यला, बापापासून लपून राह्यला, मंग माह्यापासूनही लपला आसता. म्हनून नुसतं ऐके. आठवड्यातून एकदा. दोन शब्द."

रत्नाला पाच वर्षांत पहिल्यांदा सासूचा राग आला नाही, आणि त्यामुळे जे कोणाला सांगायचं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"आई, नंबर मी बंद पडू दिला."

मंदाबाईंनी मान वर केली.

"दीड वर्ष झालं. रिचार्ज मारतच नव्हते. तुम्हाला खोटं सांगत होते. बंद पडला म्हणून कंपनीनं तो याला दिला."

मंदाबाईंनी पिशवी उचलली. भरताचा डबा काढून चुलीशेजारी ठेवला आणि यशोदाबाईला म्हणाल्या, "पोरीले द्या. तिखट कमी हाये." आणि रत्नाची वाट न बघता गाडीत जाऊन बसल्या.

*

पुढचे चार दिवस रत्ना वाट बघत होती. मंदाबाई तिच्याशी बोलत नव्हत्या; पण त्या कोणाला सांगतही नव्हत्या. नानांपुढे नाही, समाधानपुढे नाही. जेवायला वाढताना, दळण देताना, अंगणात तुळशीजवळ, प्रत्येक वेळी रत्नाला वाटायचं, आता. सासूच्या हातात एवढं मोठं हत्यार आलं होतं आणि त्या ते वापरत नव्हत्या, याचीच तिला जास्त भीती वाटू लागली. म्हातारी कोणत्या दिवसासाठी राखून ठेवतेय?

तक्रार करायचीच हे समाधाननं ठरवून टाकलं होतं. लोटनची आई धुळ्याहून दोनदा फोन करून रडली होती, हप्त्याहप्त्यानं फेडतो म्हणत होती. पण भूमिकानं सगळ्यांना समजावलं, "प्रश्न फेडण्याचा नाहीच. कागदावर पप्पा गेल्या महिन्यात फोनवर बोललेत. उद्या पप्पांच्या शोधाची केस कोणी उघडली तर पोलीस म्हणतील, हा तर धुळ्यात खरेदी करतोय, शोधायचं कशाला?"

ते ऐकून नाना चार दिवसांत पहिल्यांदा बोलले. "मंग तं तक्रार कराच."

जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात टेबलामागे एक महिला अधिकारी होत्या, बारीक चष्म्याच्या, बोलायला साध्या. भूमिकानं पावत्यांचे प्रिंट, बेपत्ता असल्याच्या जुन्या तक्रारीची प्रत, सगळं ओळीनं लावून दिलं होतं आणि ती परीक्षेला निघून गेली होती. खुर्च्यांवर रत्ना, समाधान आणि मंदाबाई बसले होते. घरी राहा म्हटलं तरी मंदाबाई आल्या होत्या.

अधिकारी एकेक विचारून टाइप करत होत्या. खातं कोणी उघडलं, पॅन कधी जोडलं, फोन कुठं होता. मग त्या थांबल्या.

"हा नंबर खातेदाराच्या नावावर होता. तो बंद कसा पडला? फायनान्सवाले हे विचारणारच. घरच्यांनी चालू ठेवला नव्हता का?"

समाधान रत्नाकडे वळला. "वहिनी तर दर महिन्याला रिचार्ज..." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या डोळ्यांत तोच मळ्यातला संशय आला.

रत्नानं ओठ उघडले. "मॅडम, तो मी..."

"मी सांगतलं व्हतं तिले," मंदाबाई म्हणाल्या. "बंद कर म्हनलं. किती दिवस भरायचं? घरात मोठी मी हाये. माह्या सांगन्यावरून बंद केला. तसं लिहा."

अधिकारी टाइप करू लागल्या. समाधानला काही विचारायचं होतं, पण आईचा चेहरा पाहून तो खुर्चीत मागं टेकला. रत्नानं मान खाली घातली. तिला सासूचा हात धरावासा वाटला, पण तो हात मांडीवरच्या पिशवीवर घट्ट होता.

"आता एक शेवटचं," अधिकारी म्हणाल्या. "वसुलीवाल्यांकडे फोनचं रेकॉर्डिंग आहे. त्यात माणूस म्हणतो की मीच हितेंद्र. तो आवाज खातेदाराचा नाही, असं ओळखीच्या माणसानं जबाबात सांगावं लागेल. आम्ही पुढं तपासूच. पण घरच्यांचा जबाब लागतो. पत्नी सांगतील का?"

त्यांनी कॉम्प्युटर फिरवला आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी खरखर, मग एका मुलीचा आवाज, आणि मग, "हॅलो, कोण? हो, मीच हितेंद्र बोलतोय."

रत्नानं ऐकलं. पाच वर्षांत तिला तो आवाज आठवेनासा झाला होता, हे तिला त्या खुर्चीवर बसून कळलं. ती हो म्हणू शकत नव्हती, नाही म्हणू शकत नव्हती.

"पुन्हा लावा," मंदाबाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आजी, तुम्हाला जमत नसेल तर..."

"जमते." त्यांनी डोळे उघडले. "नाही."

"नीट सांगा. तुमच्या शब्दांत."

"मी मंदाबाई चुडामण नारखेडे. हितेंद्र माह्या पोटचा पोरगा." त्या थांबल्या. टाइप करणाऱ्या बोटांना गाठू द्यावं तशा. "हा आवाज मी आठ महिने ऐकला. तो माह्या लेकाचा नाही. पयल्या दिवशीही नव्हता. मले कळलं व्हतं. मीच कळू देत नव्हती."

अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. छापील कागद बाहेर आला. त्यांनी तो मंदाबाईंपुढे ठेवून सही कुठं करायची ते दाखवलं. मंदाबाईंनी पेन घेतलं, एक एक अक्षर सुटं सुटं काढत नाव पूर्ण केलं आणि कागद रत्नाकडे सरकवला.

"कर तू पन. बायको म्हनून."

रत्नानं त्यांच्या नावाखाली सही केली.

बाहेर ऊन तापलं होतं. समाधान गाडी आणायला पुढं गेला. पायऱ्या उंच होत्या. चार दिवसांनी पहिल्यांदाच मंदाबाईंनी रत्नाच्या खांद्यावर हात टेकवला आणि एक एक पायरी उतरू लागल्या.

"पोरीचा पेपर सुटला आसीन," त्या म्हणाल्या. "चाल, तिले घेऊन मंगच घरी जाऊ. उपाशी आसीन ती."